फॅरेडेचा मुखवटा

मायकेल फॅरेडेला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी लागून जेमतेम सव्वा महिना झाला होता. वय एकवीस. ९ एप्रिल १८१३ रोजी त्याने बेंजामिन ॲबट या मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात आपण चार मोठ्या स्फोटांतून वाचल्याचं कळवलं. सगळ्यात भयंकर स्फोट झाला तेव्हा त्याने एक बारीक काचेची नळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली होती. नळीत साडेसात ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही किंचित कमी, द्रव होता. चेहरा नळीपासून फूटभर अंतरावर. गरम लाखेसारख्या लुकणाचा एक कण नळीला बाहेरून टेकला, आणि तेवढ्या उबेने द्रव उडाला. मूठ उघडली गेली, एका नखाचा तुकडा गेला, बोटं पत्र लिहितानाही दुखतच होती. काचेचे तुकडे एवढ्या जोराने आले की चेहऱ्यासमोरच्या काचेवर त्यांचे ओरखडे उमटले.

चेहऱ्यासमोरची काच! फॅरेडेने त्या वेळी काचेचा मुखवटा घातला होता. शाळेच्या प्रयोगशाळेतलं आपल्या ओळखीचं बहुतेक सामान त्या दिवशी जन्मालाही आलं नव्हतं. बुन्सेन बर्नर नव्हता, शंकुपात्र नव्हतं, तापवली तरी न तडकणारी काच नव्हती, रबरी हातमोजे नव्हते. पण डोळे वाचवायची कल्पना होती, ती चेहऱ्यावर चढवलेली होती, आणि तिने आपलं काम चोख केलं होतं. मग ती पुढे गेली कुठे? हा प्रश्न मला नळ्या-चंबूंच्या सगळ्या इतिहासापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्या नळीतला द्रव होता नायट्रोजन ट्रायक्लोराइड. पिवळा, तेलकट, आणि कशानेही उडणारा: उष्णतेने, धक्क्याने, नुसत्या तेलाच्या स्पर्शाने. १८११ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई द्यूलाँने अमोनियाच्या क्षाराच्या द्रावणात क्लोरीन सोडून तो बनवला, आणि त्यापायी एक डोळा आणि बोटं गमावली. आँद्रे मारी अँपिअरने ही बातमी पत्राने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला कळवली. अशी बातमी ऐकून एखादा माणूस त्या वाटेला गेला नसता. डेव्ही लगेच तो पदार्थ बनवायला बसला. १८१२ च्या शरद ऋतूत त्याची नळी फुटली, काच डोळ्यात शिरली आणि त्याला लिहिता-वाचता येईना.

इथेच फॅरेडेचं नशीब उघडलं. तो बुकबाइंडरकडे काम शिकलेला मुलगा. त्याच वर्षी वसंतात त्याने डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली होती, टिपणं काढून ती बांधून ठेवली होती. डेव्हीला डोळे बरे होईपर्यंत लिहून देणारा कुणीतरी हवा होता; फॅरेडेने थोडे दिवस ते काम केलं. पुढे त्याने बांधलेली टिपणं डेव्हीकडे पाठवली. १८१३ च्या सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने भांडण-मारामारी करून नोकरी घालवली, आणि १ मार्चपासून फॅरेडे त्या जागी रुजू झाला. पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या हाती आला तो हाच पदार्थ, ज्याने मालकाचा डोळा जायबंदी केला होता. मुखवटा घालायची अक्कल कुठून आली असेल हे वेगळं सांगायला नको.

पण हा मुखवटा त्या एका पदार्थापुरताच राहिला. उडणारं काही हाताळायचं असेल तर घालायचा, बाकी कामाला उघडा चेहरा. आणि धोका नेमका कशात आहे हे आधी कळतंच असं नाही. त्याचा पुरावा दहा वर्षांनी खुद्द फॅरेडेच्याच वाट्याला आला.

१८२३ च्या मार्चमध्ये तो क्लोरीन हायड्रेटचे स्फटिक बंद काचनळीत तापवत होता. डेव्हीचे एक स्नेही, डॉक्टर पॅरिस, प्रयोगशाळेत डोकावले. नळीत तेलासारखे थेंब दिसले तेव्हा त्यांनी घाणेरडी भांडी वापरल्याबद्दल फॅरेडेला टोचलं. फॅरेडेने नळीचं टोक कानशीने कापलं, तसा फट्कन आवाज झाला आणि तेल नाहीसं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना चिठ्ठी गेली: ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होतं. वायू स्वतःच्याच दाबाने द्रव झाला होता. ही फार मोठी गोष्ट होती, आणि फॅरेडे एकामागून एक वायू बंद नळ्यांत भरून दाबू लागला. त्या महिन्याच्या २५ तारखेच्या त्याच्या पत्रात पुन्हा स्फोटाची बातमी आहे. शनिवारी संध्याकाळी नळी फुटली, काचा पिस्तुलाच्या गोळीसारख्या खिडकीतून आरपार गेल्या, आणि दोन्ही डोळे काचेने भरले. काही दिवसांत पूर्वीसारखं दिसू लागेल अशी आशाही त्याने त्यात लिहिली आहे. ती खरी ठरली हे आपलं भाग्य. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्यानंतर आठ वर्षांनी लागायचा होता.

१८१३ मध्ये ज्याने मुखवटा घातला त्याच माणसाने १८२३ मध्ये तो घातला नाही, किंवा घातला असेल तर तो पुरला नाही. निष्काळजी म्हणावं असा हा माणूस नव्हे. १८२७ मध्ये त्याने ‘केमिकल मॅनिप्युलेशन’ नावाचा जाडजूड ग्रंथ काढला. वजन कसं करावं, बुचाला भोक कसं पाडावं, काच कशी वाकवावी, भांडी कशी धुवावीत, हेच त्यात आहे. रसायनशास्त्राची हातोटी शिकवणारं असं पुस्तक इंग्रजीत आधी नव्हतं. दारूच्या पेल्यांसारख्या भांड्यांत परीक्षा करण्याऐवजी लहान नळ्या वापराव्यात, असं त्याने त्यात आग्रहाने मांडलं. आपण जिला परीक्षानळी म्हणतो ती अशी रुळत गेली. तिचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही. थोड्याशा पदार्थात काम भागतं, त्यामुळे उडालं तरी थोडंच उडतं. सुरक्षेची ही फार चांगली तऱ्हा आहे, आणि ती सामानाच्या आकारातच बसलेली असल्यामुळे कुणाला वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

तिकडे जर्मनीत गीसेनला १८२४ मध्ये एकवीस वर्षांचा युस्टुस लीबिग प्राध्यापक म्हणून आला आणि सैनिकांच्या रिकाम्या चौकीत त्याने प्रयोगशाळा थाटली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे, ही आज शाळाशाळांत रुजलेली पद्धत तिथे आकाराला आली. लहानपणी हा मुलगा जत्रेतले फटाकेवाले पाहून सिल्व्हर फल्मिनेट बनवायला शिकला होता, औषधविक्याकडे उमेदवारी करतानाही त्याचे स्फोट चालूच होते. अशा माणसाच्या हाताखाली युरोपभरातून मुलं येऊ लागली. १८३९ मध्ये प्रयोगशाळा वाढवली तेव्हा विषारी वायू बाहेर नेणारी, काचेचं दार असलेली कपाटं तिथे बसली. नाक आणि फुप्फुसं वाचवायची सोय झाली. डोळ्यांचं पूर्वीचंच.

लीबिगचं एक प्रकरण शाळाशिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. १८५३ साली म्यूनिकला तो राजघराण्यासमोर व्याख्यान देत होता. उंच नळकांड्यात कार्बन डायसल्फाइडची वाफ आणि नायट्रोजनचा ऑक्साइड पेटवला की निळी ज्योत सरसर खाली उतरते आणि कुत्रा भुंकल्यासारखा आवाज होतो. प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की पुन्हा दाखवायचा आग्रह झाला. दुसऱ्या खेपेला भांडंच फुटलं. राणी तेरेसेच्या गालाला जखम झाली, राजपुत्रही जखमी झाला. प्रयोग तोच, शिक्षक तोच, जगातल्या सर्वात जाणत्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. फुटलेली काच मात्र समोर बसलेल्या पाहुण्यांपर्यंत गेली. प्रात्यक्षिकाच्या टेबलासमोर पारदर्शक पडदा लागतो तो यासाठी, आणि प्रयोग करणाऱ्याइतकाच बघणाराही टप्प्यात असतो हे आजही विसरलं जातं.

आता रोबर्ट बुन्सेनकडे येऊ. द्यूलाँने तो पिवळा द्रव बनवला त्याच १८११ मध्ये हा ग्योटिंगेनला जन्मला. नाव बर्नरमुळे घरोघरी पोचलं, पण त्याची ख्याती आधी झाली ती कॅकोडिलवरच्या कामामुळे. आर्सेनिकची ही संयुगं. हवेत आपोआप पेट घेतात, वास असह्य. त्यांच्यातल्या सायनाइडची वाफ हुंगली तर हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येऊन शुद्ध हरपते, जिभेवर काळा थर चढतो, असं स्वतःवर भोगून त्यानेच लिहून ठेवलंय. कासेल आणि मारबुर्गला बरीच वर्षं त्याचं हे काम चाललं होतं. त्याच काळात कॅकोडिल सायनाइडचा स्फोट झाला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. आर्सेनिकच्या विषाने जीवही जाता जाता वाचला. आर्सेनिकवर उतारा म्हणून ताजा लोखंडाचा हायड्रेटेड ऑक्साइड द्यावा, हा शोध १८३४ मध्ये बेर्थोल्ड या सहकाऱ्याबरोबर त्यानेच लावला होता.

पुढची सहा दशकं बुन्सेनने एका डोळ्याने काढली. सीझियम (१८६०) आणि रुबिडियम (१८६१) ही मूलद्रव्यं त्याने भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफबरोबर शोधली ती वर्णपटातल्या रंगीत रेषा पाहून. ज्या शोधाचं सगळं काम नजरेवर चालतं, तो एका डोळ्याच्या माणसाने लावावा, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. हातांचीही त्याने कधी पर्वा केली नाही. तापलेल्या मुशीचं झाकण तो बोटांनीच उचलायचा, काच फुंकताना त्याच्या कातडीचा जळका वास यायचा, अशा आठवणी विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत.

१८५२ मध्ये बुन्सेन हायडेलबर्गला आला, १८५५ मध्ये नवी प्रयोगशाळा उभी राहिली. गावात दिवाबत्तीसाठी कोळशाचा गॅस नुकताच आला होता, प्रयोगशाळेतही नळ आले. पण त्या गॅसची ज्योत पिवळी, काजळी धरणारी, मंद. हेन्री रॉस्को हा त्याचा इंग्रज विद्यार्थी लंडनहून एक दिवा घेऊन आला होता. त्यात गॅस-हवेचं मिश्रण तारेच्या जाळीवर जळे, पण ज्योत मोठी, थरथरती आणि हवेनं पातळ झाल्यामुळे पुरेशी गरम नसे. बुन्सेनला जाळी नकोच होती. गॅस बारीक छिद्रातून जोराने वर सोडला तर तो बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेईल, नळीत दोन्ही मिसळतील, आणि वरच्या तोंडाशी स्वच्छ, निळी ज्योत जळेल. मिश्रण नळीतून वर येण्याचा वेग ज्योत खाली सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला की ज्योत आत शिरत नाही. विद्यापीठाचा यंत्रकारागीर पेटर डेसागा याने हे प्रत्यक्षात उतरवलं. १८५७ मध्ये बुन्सेन आणि रॉस्को यांनी त्याचं वर्णन छापलं. बुन्सेनने पेटंट घेतलं नाही, आणि म्हणून तो बर्नर सगळ्या जगाचा झाला. वर्गात तो वापरताना एक बारकावा मात्र सांगायला हवा. उजेडात निळी ज्योत दिसतच नाही. म्हणून काम थांबलं की हवेची भोकं बंद करून ज्योत पिवळी करून ठेवायची, म्हणजे कुणाची बाही तिच्यावरून जाणार नाही.

या वर्षांत प्रयोगशाळा झपाट्याने भरली. हॉलंडच्या डेल्फ्टमध्ये पेट्रुस किप याने १८४४ च्या सुमारास हवा तेव्हा वायू देणारं ते तीन कोठ्यांचं उपकरण बनवलं. हायडेलबर्गमध्येच एमिल एर्लेनमायरने आपलं शंकुपात्र आणलं आणि १८६० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तळ रुंद, तोंड अरुंद, ढवळलं तरी सांडत नाही. तेही सुरक्षेचंच उपकरण म्हणायला हरकत नाही. १८८४ मध्ये येना इथे ओटो शॉट आणि सहकाऱ्यांचा काचकारखाना निघाला, आणि बोरॉन मिसळलेली, उष्णतेने कमी प्रसरण पावणारी काच प्रयोगशाळेत आली. पहिल्या महायुद्धात जर्मन काच बंद झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेला आपापली काच बनवणं भाग पडलं. अमेरिकेतल्या कॉर्निंगचं पायरेक्स १९१५ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे मुंबईत १९६२ मध्ये कॉर्निंगच्याच सहकार्याने सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची बोरोसिल. नववी-दहावीतल्या मुलांच्या हातातलं चंचुपात्र या लांबच्या वाटेने आलेलं आहे.

१८६० मध्ये एखादी आजची शाळकरी मुलगी हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली असती तर तिला फारसं अनोळखी वाटलं नसतं. बर्नर, तिवई, परीक्षानळ्या, शंकुपात्र, किपचं उपकरण, वायू बाहेर नेणारं कपाट. नव्हता तो चष्मा. आणि त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा एक डोळा गेलेला होता.

हातमोज्यांची गोष्टही अशीच उशिराची, आणि तीही रसायनशास्त्राची नव्हे. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले, ते आपल्या शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेसाठी, कॅरोलाइन हॅम्प्टनसाठी. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडने तिची त्वचा सोलवटून निघत होती. ज्या रसायनाने हात जळत होते ते प्रयोगशाळांत कितीतरी दशकं होतं, पण तिथे मोज्यांची गरज कुणाला भासली नाही. डाग पडलेले, भाजलेले हात म्हणजे या विद्येची खूण, असं मानलं जात होतं. सगळ्या उशिराचं मूळ मला यातच दिसतं. सामान नव्हतं म्हणून माणसं जखमी झाली असं नाही. जखम मिरवायची गोष्ट होती, म्हणून सामान कुणी मागितलं नाही. बुन्सेनच्या बोटांबद्दल विद्यार्थी कौतुकाने बोलत. त्या कौतुकाने पुढच्या पिढ्यांचं नुकसान केलं.

ते नुकसान विसाव्या शतकातही चालूच राहिलं. १९७० मध्ये बॅरी शार्पलेस अमेरिकेत एमआयटीमध्ये सहायक प्राध्यापक म्हणून नव्याने रुजू झाले होते. तोवर प्रयोगशाळेत सुरक्षेचे चष्मे होते, नियमही होते, आणि शार्पलेस स्वतः ते पाळत. एके रात्री काम आटोपून त्यांनी चष्मा काढला, कोट चढवला आणि घरी निघाले. वाटेत पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी ज्योतीवर काचेची बारीक नळी बंद करत होता. त्यांनी ती नळी उचलली, उजेडासमोर धरली, वरचं दव पुसलं. थंड करताना आत नकळत द्रवरूप ऑक्सिजन साठला होता. नळी फुटली. एका डोळ्याची कॉर्निया फाटली, बुबुळ भेदलं गेलं, डोळा अंशतः बसला. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून त्यांना दोन आठवडे हलायची मनाई होती, आणि एका डोळ्याची दृष्टी परत आली नाही. १९९२ मध्ये त्यांनी ही हकिकत लिहिली. चष्मा न घालण्याला कधीही, कोणतंही कारण पुरेसं नसतं, हे त्यांनी त्यात अगदी स्पष्ट सांगितलं आहे. पुढे त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं, २००१ मध्ये आणि २०२२ मध्ये. १८१३ ची नळी आणि १९७० ची नळी, दोन्ही चेहऱ्याजवळ धरलेल्या. पहिल्या वेळी मधे काच होती.

शार्पलेस यांच्या अपघातात माझ्या मते एकच बाब कळीची आहे. प्रयोग ते करतच नव्हते. प्रयोगशाळेतून बाहेर पडत होते. म्हणून नियम असा हवा की चष्मा प्रयोगाशी नव्हे, खोलीशी बांधलेला असावा: दारात घालायचा, दारात काढायचा.

आपल्या शाळांबद्दल बोलायचं तर बहुतेक ठिकाणी वाळूच्या बादल्या असतात, प्रथमोपचाराची पेटी असते, अग्निशामक भिंतीला टांगलेला असतो. तो परीक्षेच्या आधी तपासला जातो, हेही चांगलंच. पण कपाटात मुलांच्या संख्येइतके चष्मे मी फार थोड्या शाळांत पाहिले. शाळेत नायट्रोजन ट्रायक्लोराइड कोण बनवतं, असं यावर कुणी म्हणेल. शाळेतले अपघात साध्या गोष्टींनी होतात. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं की पाणी हलकं असल्याने वर राहतं, विरल होतानाच्या उष्णतेने तिथेच उकळतं आणि आम्ल घेऊन तोंडावर उडतं. म्हणून आम्ल पाण्यात, थोडं थोडं, ढवळत. परीक्षानळी तळाशी तापवली तर आतला द्रव एकदम उसळून बाहेर येतो; म्हणून तिरपी, हलती, तोंड कुणाकडेही नसलेली. स्पिरिटचा दिवा जळता असताना किंवा गरम असताना भरला तर बाटलीही पेटते. हे सगळं प्रत्येक शिक्षक मुलांना सांगतो. ऐकूनही पन्नास मुलांत एकाचा हात चुकतोच, आणि त्या एकाच्या शेजारी दुसरं कुणीतरी उभं असतं.

आम्लाची भीती मुलांना असते, अल्कलीची नसते, आणि हे उलटं आहे. आम्ल डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतं, त्या थराने ते बरंचसं वरच अडतं. कॉस्टिक सोडा किंवा चुना ऊतींना विरघळवत आत आत जातो. पानतंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली जाऊन तोंडावर फुटते आणि लहान मुलांचे डोळे जातात, हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. प्रयोगशाळेतला असो की घरातला, उपाय एकच: ताबडतोब, तिथल्या तिथे, साधं स्वच्छ पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं संथ धार सोडायची, रडत असलेल्या मुलाला सोडून द्यायचं नाही. आम्ल गेलं म्हणून डोळ्यात सोड्याचं पाणी घालायचं नाही, अल्कली गेली म्हणून लिंबू-व्हिनेगर नाही. चुन्याचे कण असतील तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढायचे आणि धार चालू ठेवायची. मग दवाखाना, आणि जाताना बाटलीवरचं रसायनाचं नाव कागदावर लिहून बरोबर न्यायचं.